दगडांवरची नावे

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने परदेशप्रवासावर काही लिहावे असे सुचविले, तेव्हा प्रथम मनात आले की, ब्रिटनविषयी मराठीत आजवर इतके लिहिले गेले आहे की त्यात आपण नवी भर ती काय घालणार? लंडनचा टॉवर, राजघराण्याचा राजवाडा, टेम्सवरचे पूल हे सारे वाचकांनी पुस्तकांतून आणि पडद्यावर पाहिलेलेच आहे. तरीही लिहावयास बसलो. या शाळेच्या वसतिगृहात वाढलेल्या माणसाला पाहण्याची एक सवय जडते. भव्य वास्तू दिसली की तिची उंची विचारण्याआधी तो विचारतो, ही बांधली कोणी? माझ्या बाबतीत ही सवय अधिकच पक्की झाली, कारण माझे आईवडील १९७२ च्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडत होते आणि पुढे माझी सारी नोकरी सार्वजनिक बांधकाम खात्यात गेली. दगड हा आमच्या घरातला दोन पिढ्यांचा सोबती.

निवृत्तीनंतर आम्ही उभयता कन्येकडे इंग्लंडच्या उत्तर भागातील लीड्स शहरी सहा आठवडे राहिलो. ती रुग्णालयात कामाला जाई आणि आम्ही दोघे पाठीवर डब्याची पिशवी टाकून आगगाडीने निघत असू. त्या भटकंतीतील काही मोजकी ठिकाणे येथे सांगतो.

लीड्सहून यॉर्क अर्ध्या तासाच्या आत येते. इसवी सन ७१ च्या सुमारास रोमन सैन्याने वसविलेले हे नगर. सुमारे अडीचशे वर्षे बांधकाम चाललेले तेथील भव्य कॅथेड्रल, एकमेकांकडे झुकलेल्या जुन्या लाकडी घरांची अरुंद गल्ली, आणि शहराभोवतीचा तीन किलोमीटरहून लांब तट. या तटावरून कोणालाही विनामूल्य चालता येते. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी नगरपालिकेलाच हा तट अडचणीचा वाटू लागला होता आणि तो पाडण्याचा विचार चालला होता. नागरिकांनी विरोध केला म्हणून बराचसा तट आज उभा आहे.

परंतु यॉर्कचे मला अधिक मोलाचे वाटणारे स्मारक दगडाचे नाही. चॉकलेटच्या कारखानदार घराण्यातील सीबोम राउन्ट्री यांनी याच शहरातील अकरा हजारांहून अधिक श्रमिक कुटुंबांची घरोघर पाहणी करविली आणि १९०१ मध्ये ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. शहरातील सुमारे २८ टक्के लोक दारिद्र्यात जगत आहेत, असा तिचा निष्कर्ष होता. गरिबी हा गरिबांच्या आळसाचा परिणाम, असे मानणाऱ्या समाजापुढे त्यांनी मजुरी, घरभाडे आणि अन्नाचा खर्च यांचा हिशेब मांडला. कॅथेड्रलच्या सावलीत राहणाऱ्यांची अशी मोजदाद कोणीतरी केली, ही मला त्या नगराच्या इतिहासातील मोठी घटना वाटते.

लीड्सच्या दुसऱ्या बाजूला, पंधरा-वीस मिनिटांच्या अंतरावर, सॉल्टेअर आहे. टायटस सॉल्ट या लोकरीच्या गिरणीमालकाने आपले आडनाव आणि तेथील एअर ही नदी यांचा जोड करून गावाला हे नाव दिले. गिरणी १८५३ मध्ये सुरू झाली. तिच्याभोवती त्याने कामगारांसाठी आठशेहून अधिक दगडी घरे, शाळा, रुग्णालय, ग्रंथालय आणि प्रार्थनामंदिर बांधले. त्या काळी जवळच्याच ब्रॅडफर्डमध्ये कामगार तळघरांतून दाटीवाटीने राहत आणि पटकीने मरत, हे ध्यानात घेतले म्हणजे सॉल्टच्या कामाचे मोल कळते. आज गिरणीत कलादालन व पुस्तकांचे दुकान आहे आणि २००१ पासून सारे गाव जागतिक वारसा यादीत आहे.

त्या सरळ, स्वच्छ रस्त्यांवरून फिरताना मी पाट्या वाचू लागलो. एक रस्ता राणीच्या नावाचा, एक तिच्या पतीच्या नावाचा, एक मालकाच्या पत्नीचा, बरेच त्याच्या मुलामुलींचे. ज्यांनी नकाशे काढले त्या दोन वास्तुविशारदांच्याही नावांचे रस्ते आहेत. मात्र माग चालविणाऱ्या एखाद्या विणकराच्या नावाची पाटी मला दिसली नाही. सॉल्ट उदार होता, यात शंका नाही. परंतु औदार्य करणारा आपले नाव लिहितो आणि ज्याच्यावर औदार्य होते तो निनावी राहतो, ही रीत सर्व देशांत सारखीच दिसते.

सॉल्टेअरवरून जाणारा हाच लोहमार्ग पुढे सेटल गावाहून कार्लाइलपर्यंत जातो. इंग्लंडमधील अत्यंत रमणीय प्रवासांत या सुमारे ११६ किलोमीटरच्या टप्प्याची गणना होते आणि ती यथार्थ आहे. हिरव्या कुरणांच्या जागी हळूहळू उघडे, तपकिरी माळ येतात. दगडावर दगड रचून चुन्यावाचून बांधलेल्या कुसवांच्या रेषा डोंगरमाथ्यापर्यंत चढत जातात. मेंढ्या, ओढे, धुके आणि मधूनच ऊन. डेंट हे मुख्य लोहमार्गावरील इंग्लंडमधील सर्वांत उंच स्थानक याच वाटेवर आहे.

आम्ही रिबलहेड स्थानकावर उतरलो आणि तेथील कमानी पूल पाहावयास चालत गेलो. चोवीस कमानी, सुमारे ४०० मीटर लांबी, ३२ मीटर उंची. १८७० ते १८७४ या काळात हा पूल उभा राहिला. अभियंत्याच्या नजरेला त्यातील एक गोष्ट लगेच दिसते. प्रत्येक सहावा खांब इतरांहून बराच जाड आहे. एखादी कमान ढासळली तर सगळी रांग पत्त्यांसारखी कोसळू नये, फार तर सहा कमानींचे नुकसान व्हावे, अशी ती योजना. मी खांबाला हात लावून उभा राहिलो. दीडशे वर्षे वारा आणि पाऊस खाऊनही दगडांचे सांधे पकडून होते.

हे सांधे ज्यांनी भरले ते मजूर पुलाखालच्या ओसाड माळावर झोपड्यांच्या वस्त्यांत राहत असत. बायकामुले त्यांच्याबरोबर असत. त्यांनी आपल्या वस्त्यांना मोठी ऐटबाज नावे दिली होती. क्रिमियातील लढायांवरून सेबास्तोपोल आणि इंकरमन, बायबलातून जेरिको आणि जेरुसलेम, तर एका वस्तीला चक्क लंडनच्या श्रीमंत पेठेवरून बेलग्रेव्हिया. आज तेथे गवतात झाकलेले उंचवटे तेवढे उरले आहेत. अपघातांनी आणि देवीच्या साथीने अनेकजण दगावले. जवळच्या चॅपल-ले-डेल येथील लहानशा चर्चच्या आवारात लोहमार्गाच्या कामावरील दोनशेहून अधिक माणसांचे दफन झाले. त्यांत स्त्रिया आणि लहान मुलेही आहेत. आत भिंतीवर एक संगमरवरी फलक आहे. या बांधकामात प्राण गमावलेल्यांच्या स्मरणार्थ तो बसविला आहे. त्याचा खर्च लोहमार्ग कंपनीने आणि मृतांच्या सोबती कामगारांनी मिळून केला. ज्यांना स्वतःचे पोट भरणे कठीण, त्यांनी मजुरीतून पैसे काढून मेलेल्या सोबत्यांसाठी दगड बसविला. माझी पत्नी त्या फलकापुढे बराच वेळ उभी राहिली. बाहेर आल्यावर ती एवढेच म्हणाली, “अहो, पण नावं कुठं आहेत?”

१९८० च्या दशकात हा मार्ग बंद करण्याचे ठरत होते. पुलाच्या दुरुस्तीचा खर्च हे एक मोठे कारण पुढे करण्यात आले. तेव्हा २२ हजारांहून अधिक हरकती नोंदविल्या गेल्या. त्यांत एका कुत्र्याच्या पंजाचा ठसाही होता आणि तो तिकीट काढून प्रवास करणारा असल्यामुळे ग्राह्य धरला गेला, ही गोष्ट तेथील लोक कौतुकाने सांगतात. १९८९ मध्ये शासनाने मार्ग चालू ठेवण्याचा निर्णय दिला. वारसा हा राजांनी निर्माण केलेला असो वा कंपन्यांनी, तो टिकविण्यासाठी सामान्य माणसालाच अर्ज लिहावा लागतो.

कार्लाइलच्या परिसरात हेड्रियन या रोमन सम्राटाने इसवी सन १२२ मध्ये बांधावयास घेतलेली भिंत आहे. ब्रिटनच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत ती गेली होती. तिच्या काही दगडांवर कोणत्या तुकडीने कोणता भाग बांधला हे कोरलेले आढळते, मात्र तेथे नाव येते ते तुकडीच्या नायकाचे. शिपायांची खबर लागते ती भिंतीजवळच्या विंडोलांडा येथील ठाण्यात. तेथील ओल्या मातीत लाकडाच्या पातळ पट्ट्यांवर शाईने लिहिलेली पत्रे सापडली. एका पत्रात कोणाला तरी पायमोजे आणि अंतर्वस्त्रे पाठविल्याचा उल्लेख आहे. दुसऱ्यात एक स्त्री आपल्या मैत्रिणीला वाढदिवसाचे आमंत्रण देते. साम्राज्याची भिंत पडली, दगड शेतकऱ्यांनी घरांसाठी नेले, आणि थंडीत कुडकुडणाऱ्या शिपायाचे मोजे तेवढे इतिहासात राहिले.

कार्लाइलहून आम्ही स्कॉटलंडमध्ये गेलो, ते मुख्यतः न्यू लॅनार्क पाहण्यासाठी. आपल्या शाळेच्या शिक्षकांनी हे ठिकाण अवश्य पाहावे. क्लाइड नदीच्या धबधब्यांखाली, खोल दरीत, डेव्हिड डेल याने १७८५-८६ च्या सुमारास सूतगिरण्या उभारल्या. पाण्याच्या बळावर चालणाऱ्या त्या यंत्रांपाशी अनाथालयांतून आणलेली शेकडो मुले राबत असत. १८०० मध्ये डेलचा जावई रॉबर्ट ओवेन याच्याकडे कारभार आला. दहा वर्षांखालील मुलांना त्याने गिरणीत घेणे थांबविले आणि १८१६ मध्ये त्यांच्यासाठी शाळा उघडली. चालावयास शिकलेली मुलेही त्या शाळेत येत. मारणे वर्ज्य होते. भिंतींवर प्राण्यांची मोठी चित्रे, गाणे, नाच आणि रानात फिरणे हा अभ्यासाचा भाग होता. माणूस वाईट जन्मत नाही, त्याला परिस्थिती घडविते, ही ओवेनची श्रद्धा होती.

त्याच गिरणीत प्रत्येक कामगाराच्या जागेपाशी चार रंगांचा एक लाकडी ठोकळा टांगलेला असे. आदल्या दिवशीचे वर्तन वाईट असेल तर काळी बाजू पुढे, उत्तम असेल तर पांढरी. ठोकळा फिरविण्याचा अधिकार मुकादमाचा. शिवाय या गिरण्यांत जो कापूस येई, त्यातील बराचसा अटलांटिकपलीकडील गुलामांच्या मळ्यांतला. एका दरीतील मुलांना शाळा मिळाली तेव्हा समुद्रापलीकडील मुले शेतात वाकलेली होती. ओवेनचे कार्य यामुळे लहान होत नाही, पण ते पाहताना दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात ठेवाव्या लागतात.

लीड्सला परतल्यावर एका रविवारी मँचेस्टरमार्गे आम्ही पीक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ प्रदेशात ईडेल येथे गेलो. समोर किंडर स्काउटचे पठार. आजूबाजूच्या कारखान्यांच्या शहरांतील कामगारांना सुटीच्या दिवशी मोकळी हवा मिळावी असे हे रान, पण ते जमीनदारांनी ग्राउस या रानपक्ष्याच्या शिकारीसाठी राखून ठेवले होते. २४ एप्रिल १९३२ रोजी बेनी रॉथमन या वीस वर्षांच्या मँचेस्टरच्या तरुणाच्या पुढाकाराने सुमारे चारशे माणसे बंदी मोडून पठारावर चढली. राखणदारांशी झटापट झाली. पाच तरुणांना तुरुंगवास झाला. रानात चालले म्हणून कैद, ही गोष्ट देशभर लोकांच्या मनाला लागली. १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा आणि खुल्या प्रवेशाचा कायदा झाला, १९५१ मध्ये हाच प्रदेश देशातील पहिले राष्ट्रीय उद्यान ठरला. २००२ मध्ये, सत्तर वर्षे झाल्यावर, त्या जमिनीच्या जुन्या मालकाच्या वारसाने, डेव्हनशायरच्या ड्यूकने, जाहीर क्षमा मागितली.

आज इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर लांबीच्या सार्वजनिक वाटा आहेत. त्या खासगी शेतांतून, कुरणांतून, कधी कोणाच्या अंगणालगत जातात. पिवळा बाण दिसला की निःशंक चालावे, फाटक उघडल्यावर मागे लावून घ्यावे, एवढीच अट. तेथील कायद्यात एक सुंदर तत्त्व आहे. एखाद्या वाटेने लोक वीस वर्षे उघडपणे आणि विनाअडथळा चालत राहिले, तर ती वाट सार्वजनिक मानली जाऊ शकते. वाट चालण्याने सिद्ध होते.

त्या वाटेवर चालताना महाड आठवणे मला अपरिहार्य होते. बोले ठरावाने १९२३ मध्येच सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले केले होते. महाडच्या नगरपालिकेनेही तळे खुले असल्याचे म्हटले होते. तरी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि त्यांच्यामागे हजारो माणसे चालत गेल्यावाचून तो कागद पाण्यापर्यंत पोहोचला नाही. दोन घटनांना एका मापाने मोजू नये. किंडरच्या तरुणांना रविवारची मोकळी हवा हवी होती. महाडला प्रश्न माणूस म्हणून मान्य होण्याचा होता, आणि त्यासाठी मार सोसावा लागला. परंतु कागदावरचा हक्क पावलांनी वापरावा लागतो, ही गोष्ट दोन्हीकडे एकच आहे.

परतीच्या विमानापूर्वी चार दिवस लंडनला होतो. प्रिमरोज हिलजवळ किंग हेन्रीज रोडवर दहा क्रमांकाचे घर आहे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना, १९२१-२२ मध्ये, बाबासाहेब तेथे राहत. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतले. त्याच्या स्मारकरूपावर तेथील स्थानिक प्रशासनाने आक्षेप घेतला होता, रीतसर चौकशी झाली आणि २०२० मध्ये परवानगी मिळाली. घर पाहिल्यावर आपल्याकडच्या भाविकासारखे नतमस्तक होणे स्वाभाविक आहे. पण मी तेथील लहान खोली, जिना आणि खिडकी पाहत होतो. जगाच्या सर्वांत श्रीमंत नगरीत अर्धपोटी राहून हा विद्यार्थी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहीत होता, आणि १९२३ मध्ये त्याला डी. एस्सी. ही पदवी मिळाली. ऐतिहासिक घराचे मोल त्याच्या भिंतींत नसते, भिंतींआड कोणते काम झाले यात असते.

दुसऱ्या दिवशी ब्रिटिश म्युझियममध्ये अमरावतीची शिल्पे पाहिली. ही अमरावती विदर्भातील नव्हे, आंध्र प्रदेशात कृष्णेच्या काठची. तेथील महास्तूपाच्या फिकट चुनखडीच्या शिळा एकोणिसाव्या शतकात समुद्रमार्गे लंडनला गेल्या आणि १८८० पासून या संग्रहालयात आहेत. काचेआड, मंद प्रकाशात त्या पाहताना आनंद होतो आणि काही खुपतेही. आपल्या पूर्वजांच्या हातचे काम पाहण्यासाठी व्हिसा काढावा लागतो. जतन उत्तम झाले आहे, हे खरे. ते जिथे घडले तिथे नाही, हेही खरे.

तेथे उभा असता अमरावतीच्या शिलालेखांपैकी एक आठवला. विधिक नावाच्या चर्मकाराने एक शिळा दान दिली, असे त्यात नोंदले आहे. आई, पत्नी, भाऊ, मुलगा, मुली यांच्यासह त्याने ती दिली. अमरावतीत असे अनेक लेख आहेत. व्यापारी आहेत, भिक्षुणी आहेत, गृहिणी आहेत, आणि त्यांच्याच रांगेत कातडे कमावणारा एक माणूस आहे. सॉल्टेअरच्या पाट्यांवर विणकर नाही. रिबलहेडच्या फलकावर मृतांची नावे नाहीत. हेड्रियनच्या भिंतीवर नायकाचे नाव आहे, शिपायाचे नाही. आणि कृष्णाकाठी मात्र एका चर्मकाराचे नाव, त्याच्या व्यवसायासकट, पूज्य स्तूपाच्या दगडावर कोणताही संकोच न करता कोरले गेले. आपला वारसा कोणता, असे कोणी विचारले तर मी या दगडाकडे बोट दाखवीन.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी अनेकजण उद्या शिक्षणासाठी त्या देशात जातील. जरूर जा. राजवाडे पाहा, पण गिरण्याही पाहा. लंडनहून उत्तरेकडे जाणाऱ्या गाडीत बसा, रिबलहेडला उतरा, पायवाटांवरून चाला. प्रत्येक ठिकाणी विचारा की हे कोणी बांधले, कोणाला येथे येऊ दिले नव्हते, आणि ते कोणी मोडून काढले. या तीन प्रश्नांची उत्तरे शोधणारा पाहुणा कोणत्याही देशात परका राहत नाही.

आणि माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. माझ्या आईवडिलांनी ज्या रस्त्यावर खडी फोडली, तो आज डांबरी झाला आहे. त्यांची तेथील एकमेव नोंद म्हणजे हजेरीपटावरचे अंगठे, आणि तो हजेरीपट केव्हाच रद्दीत गेला. आपल्या शाळेचे मात्र अजून तसे झालेले नाही. कोनशिलेवर मान्यवरांची नावे आहेत, ती राहोत. परंतु पहिल्या दोन खोल्यांसाठी आसपासच्या वस्त्यांतून श्रमदानाला आलेली माणसे, मूठमूठ धान्य पाठविणाऱ्या आया, पहाटे चारला उठून शंभर मुलांच्या भाकऱ्या थापणाऱ्या मावश्या, विहिरीचा पहिला सुरुंग लावणारे वडार बांधव, यांची नावे सांगू शकणारी माणसे आज हयात आहेत. दहा वर्षांनी नसतील. ज्याला जे नाव आठवते ते त्याने लिहून पाठवावे. पुढील वर्धापनदिनी ती सर्व नावे एका शिळेवर कोरावीत आणि प्रत्येक नावापुढे त्या माणसाचा व्यवसायही लिहावा.

सुटीत मला घरी न्यावयास येत, तेव्हा माझे वडील एक दिवस आधीच येऊन वसतिगृहाच्या भिंतीसाठी दगड रचून देत, आणि आई कोठीत धान्य निवडावयास बसे. त्या दोघांची नावे, ‘खडी फोडणारे’ या व्यवसायासह, मी संपादक मंडळाकडे दिली आहेत.